झांकलेल्या खिडक्या, उघड्या खिडक्या

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाच्या अखेरीस एक प्रबंध लिहावा लागतो. पूर्वीं अशा प्रबंधांचे विषय जवळजवळ ठरलेले असत: एखादें जुनें देऊळ, वाडा, किल्ला, बाजारपेठ किंवा रेल्वेचें स्थानक. अलीकडे, प्रथम पाश्चात्त्य विद्यालयांतून आणि आतां आपल्याकडेही, कांहीं विद्यार्थी एक निराळाच विषय निवडूं लागले आहेत. समलिंगी स्त्रीपुरुष, तृतीयपंथी आणि तत्सम लोक रात्रीच्या वेळीं जेथें एकत्र जमत आले, तीं मद्यगृहें, नृत्यगृहें व तळघरें यांची रचना कशी होती, ती तशी कां झाली, आणि त्या जागांचें पुढें काय झालें, हा तो विषय होय. ह्या अभ्यासाचें स्वरूप आज आपणांस समजावून सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम शब्दाविषयीं. ह्या सर्व लोकांना मिळून इंग्रजींत ‘क्वीअर’ असें म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘विचित्र’. एके काळीं तो शिवीसारखा तोंडावर फेंकला जात असे. १९९० च्या सुमारास त्याच लोकांनीं तो उचलला आणि स्वतःचें नांव म्हणून अभिमानानें मिरविण्यास आरंभ केला. ज्या जागेंत हे लोक मोकळेपणानें वावरूं शकतात तिला ‘क्वीअर स्पेस’ म्हणतात. आरन बेट्स्की ह्या लेखकानें ह्याच नांवाचें पुस्तक १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. आणि २०२२ सालीं ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेच्या प्रकाशन-विभागानें जगांतील अशा अनेक स्थळांचा एक सचित्र संग्रहच काढला. तात्पर्य, हा विषय आतां कुजबुजीचा राहिला नसून अभ्यासाचा झाला आहे.

येथें सहजच आक्षेप येईल कीं, मद्यगृहाच्या खोलींत वास्तुकला ती काय असणार? तेथें शिखर नाहीं, कमान नाहीं, नक्षी नाहीं. पुष्कळदां मूळची इमारतही दुसऱ्याच कामासाठीं बांधलेली असते. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. वास्तुकला म्हणजे केवळ शोभा नव्हे. भिंत कोठें घालावी, दार कोणासाठीं उघडावें, खिडकींतून कोणीं कोणाला पाहावें, आणि संकट आलें तर कोठून निघावें, हे निर्णयही वास्तुकलेचेच होत. आपल्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, मग सोपा आणि सर्वांच्या मागें माजघर हा क्रम पाहिला, कीं परक्या माणसानें कोठवर यावें हें न बोलतां कळतें. तीच दृष्टि ह्या रात्रीच्या घरांवर टाकावयाची, एवढेंच. आणि ती टाकली असतां एक गोष्ट पुनः पुनः नजरेस येते: समाज ह्या लोकांकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहात होता, हें त्या घरांच्या खिडक्यांवरून ओळखतां येतें.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरणापासून आरंभ करूं. न्यूयॉर्क शहरांत ग्रीनिच व्हिलेज नांवाच्या जुन्या वस्तींत ख्रिस्तोफर स्ट्रीट हा रस्ता आहे. तेथील ५१ व ५३ क्रमांकांच्या दोन इमारती १८४३ व १८४६ सालीं घोड्यांचे तबेले म्हणून बांधल्या गेल्या. १९३० सालीं त्या जोडून त्यांना एकच दर्शनी भाग देण्यांत आला, आणि पुढें तेथें ‘स्टोनवॉल इन’ नांवाचें उपाहारगृह चालूं लागलें. १९६७ सालीं माफिया ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गुन्हेगारी टोळींतील लोकांनीं ती जागा घेऊन समलिंगी गिऱ्हाइकांसाठीं मद्यगृह उघडलें. हें कांहीं भूतदयेनें घडलें नाहीं, पैशासाठीं घडलें. त्या काळीं न्यूयॉर्क राज्यांत मद्याचे परवाने देणारें खातें समलिंगी लोकांचा जमाव म्हणजेच बेशिस्त असें मानीत असे. त्यामुळें परवाना जाईल ह्या भीतीनें सरळमार्गी मालक त्यांना पेला देण्यास कचरत. १९६६ च्या एप्रिलमध्यें कांहीं कार्यकर्ते जवळच्याच ‘जूलियस’ नांवाच्या मद्यगृहांत गेले, आपण समलिंगी आहों असें त्यांनीं उघड सांगितलें आणि पेय मागितलें. तेव्हां तेथील नोकरानें पेल्यावर हात आडवा धरला. त्या क्षणाचें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. कायद्यानें जें दार लावून घेतलें, तें चोरानें किलकिलें केलें, आणि त्याचें भाडें वसूल केलें, असा हा प्रकार होता.

आतां त्या स्टोनवॉलचा नकाशा वाचूं. रस्त्याकडील मोठ्या खिडक्या आंतून प्लायवुडच्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. दार जाड, आणि त्यास डोळा लावण्यापुरतें भोंक. दारावरील माणूस आंतून न्याहाळून पाही, आणि विश्वास वाटला तरच दार उघडी. आंत गेल्यावर एका वहींत सही करावी लागे, कारण ही जागा म्हणजे खासगी क्लब आहे असें सोंग आणलेलें होतें. त्या वहींत खोट्या नांवांचा सुकाळ असे. आंतील भिंतींस काळा रंग दिलेला. पेले धुण्यास नळाचें पाणी नव्हतें. ते टबांतील त्याच त्या पाण्यांत बुडवून पुनः भरीत. आगीच्या वेळीं बाहेर पडण्यास निराळें दार नव्हतें. नाचण्यास मात्र दोन खोल्या होत्या. पोलीस येत आहेत अशी चाहूल लागली कीं पांढरे दिवे एकदम लावीत, आणि तो इशारा ओळखून नाचणाऱ्या जोड्या विलग होत.

ह्या नकाशांतील प्रत्येक ओळीस कारण आहे. खिडकी झांकली, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसानें पाहिलें तर नोकरी जाई, बिऱ्हाड जाई, क्वचित् मुलेंबाळेंही दुरावत. दारास भोंक पाडलें, कारण साध्या वेषांतील पोलीस गिऱ्हाईक म्हणून येत. पाण्याचा नळ नव्हता, कारण ज्याला तक्रार करण्याची सोय नाहीं अशा गिऱ्हाइकासाठीं मालक खर्च कशाला करील? आणि इतकें असूनही लोक तेथें येत, कारण दोन माणसांना एकमेकांचा हात हातांत घेऊन नाचतां येईल अशा जागा त्या अवाढव्य शहरांत फार थोड्या होत्या. इतर घरांत दिवा लावतात तो दिसावें म्हणून. ह्या घरांत दिवा लागला कीं सावध व्हावें लागे.

१९६९ च्या जूनच्या २८ तारखेस, मध्यरात्र उलटून एकाच्या पुढें, पोलिसांनीं येथें छापा घातला. असे छापे नेहमींचेच होते. परंतु त्या रात्रीं बाहेर काढलेले लोक पांगले नाहींत. उलट गर्दी वाढत गेली, नाणीं व बाटल्या फेंकल्या जाऊं लागल्या, आणि अखेर पोलिसांनाच माघार घेऊन मद्यगृहांत शिरून दार लावून घ्यावें लागलें. लोकांनीं खिडक्यांच्या कांचा फोडल्या. मोटारींचें भाडें घेणाऱ्या यंत्राचा लोखंडी खांब उपटून त्याच्या धडका दारास दिल्या. कांचा फुटल्या, पण मागील फळ्या बराच वेळ टिकल्या. ज्या फळ्यांनीं इतके दिवस लपणाऱ्यांना झांकलें, त्याच फळ्यांनीं त्या रात्रीं पकडणाऱ्यांना वांचविलें. ही चकमक पुढें कांहीं रात्री चालली. वर्षभरानें, १९७० च्या जूनमध्यें, ह्या घटनेच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून मोठी मिरवणूक निघाली. आज जगांतील अनेक शहरांत जून महिन्यांत निघणाऱ्या मिरवणुकांचा उगम तेथें आहे. २०१६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं स्टोनवॉल व त्याचा परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला, आणि २०२४ च्या जूनमध्यें जुन्या ५१ क्रमांकाच्या जागेंत स्मारकाचें माहिती-केंद्र उघडलें. घोड्यांच्या तबेल्यास हा मान मिळाला तो त्याच्या सौंदर्यासाठीं खास नव्हे.

झांकलेल्या खिडकीचें मोल कधीं कधीं प्राणांनीं द्यावें लागतें, हें न्यू ऑर्लिन्स येथें दिसून आलें. तेथील जुन्या फ्रेंच वस्तींत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ‘अपस्टेअर्स लाउंज’ नांवाचें मद्यगृह होतें. १९७३ च्या जून महिन्यांतील २४ तारखेस, रविवारीं सायंकाळीं, कोणीतरी जिन्यावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून दिला. दार उघडतांच ज्वाळा आंत शिरल्या. रस्त्याकडील खिडक्यांना लोखंडी गज होते. एका नोकरानें मागील दारानें वीसएक माणसें छपरावर नेऊन वांचविलीं. बाकीच्यांना ती वाट ठाऊक नव्हती. बत्तीस माणसें मेलीं. त्यांत एक धर्मोपदेशक गजांतून बाहेर पडण्याची धडपड करीत खिडकींतच मेला, आणि त्याचें शव कित्येक तास रस्त्यावरून दिसत राहिलें. कोणावरही खटला झाला नाहीं. शहराच्या नगरमंडळानें आपल्या पूर्वसूरींच्या उदासीनतेबद्दल माफी मागितली ती २०२२ सालीं, म्हणजे एकूणपन्नास वर्षांनीं. ह्या विषयावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें रंग, संगीत व दिव्यांचें वर्णन अवश्य करावें. परंतु नकाशांत प्रथम मागील दार कोठें आहे तें शोधावें. जी जागा लपण्यासाठीं बनविली जाते, तिच्यांतून निसटणें कठीण होऊन बसतें.

ह्या पार्श्वभूमीवर सॅन फ्रान्सिस्को येथील एका साध्या दुरुस्तीचें महत्त्व कळेल. कॅस्ट्रो व मार्केट ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘ट्विन पीक्स’ नांवाचें मद्यगृह आहे. १९७२ सालीं तें दोन स्त्रियांनीं घेतलें आणि रस्त्याकडील बाजूस मोठमोठ्या पारदर्शक कांचा बसविल्या. खुर्चींत बसलेला माणूस रस्त्यावरून दिसूं लागला, आणि त्यालाही रस्ता दिसूं लागला. अमेरिकेंतील समलिंगी मद्यगृहांत अशी उघडी खिडकी असलेलें हें अगदीं पहिल्यांपैकीं एक मानलें जातें, आणि २०१३ सालीं त्या शहरानें त्याची गणना संरक्षित वास्तूंत केली. तेथें वयस्कर मंडळी फार येतात म्हणून तरुणांनीं त्या कांचेच्या घरास ‘कांचेची शवपेटी’ असें टोपणनांव दिलें आहे. माझ्या वयाच्या माणसास ती थट्टा फारशी झोंबत नाहीं. ज्यांनीं तारुण्य फळ्यांच्या आड काढलें, त्यांना म्हातारपणीं उन्हांत बसून रस्ता पाहतां येतो, हा लहान लाभ नव्हे. पुढें १९९० सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथेंही ‘मँटो’ नांवाच्या मद्यगृहानें कॅनॉल स्ट्रीटवर अशीच दर्शनी कांच बसविली, आणि त्या रस्त्याचें रूप पालटण्यास तेथून वेग आला.

परंतु कांच एकदां बसली म्हणजे ती कायमची बसली, असें मात्र कोणी समजूं नये. बर्लिन शहरांत १९२० नंतरच्या दशकांत अशा मद्यगृहांची व नृत्यगृहांची मोठी भरभराट होती. कायद्यांत समलिंगी पुरुषांना शिक्षा होती, तरी पोलीस बव्हंशीं काणाडोळा करीत. त्यांपैकीं ‘एल्डोराडो’ हें तर इतकें उजळ होतें कीं, मोट्झस्ट्रासे रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याची पाटी ठळकपणें झळकत असे, आणि प्रवासी तें मुद्दाम पाहावयास येत. १९३२ सालीं सरकार बदललें, समलिंगी लोकांच्या नाचांवर बंदी आली. आणि १९३३ सालच्या छायाचित्रांत त्याच घराच्या खिडक्यांवर नाझी पक्षाचीं स्वस्तिकचिन्हें लागलेलीं दिसतात. पाटी वर तशीच आहे, खालीं खिडक्या झांकलेल्या आहेत. इतक्या वर्षांत काय मिळविलें आणि थोड्या महिन्यांत काय गेलें, ह्याचा हिशेब त्या एका चित्रांत आहे. पुढें त्या राजवटींत हजारों समलिंगी पुरुष छळछावण्यांत डांबले गेले.

आजचें संकट इतकें उग्र नाहीं. तें सावकाश येतें, आणि भाडेकराराच्या कागदावरून येतें. लंडन युनिव्हर्सिटी कॉलेजच्या नगर-अभ्यासकांनीं केलेल्या मोजणीनुसार, लंडन शहरांत अशीं रात्रीचीं स्थळें २००६ सालीं सुमारें १२५ होतीं. २०१७ सालीं तीं ५३ उरलीं. लोक म्हणतात कीं आतां मोबाइल फोनवर गांठीभेटी होतात, मग मद्यगृह हवें कशाला? ह्या कारणांत तथ्य असेल. पण अभ्यासकांना जीं कारणें ठळक दिसलीं तीं निराळीं होतीं: जागेची पुनर्बांधणी, वाढतें भाडें, आणि नव्या करारांतील जाचक अटी. जमिनीची किंमत वाढली कीं जिचा मालक दुसरा आहे ती जागा प्रथम जाते. स्त्रियांचीं स्थळें तर मूळचींच थोडीं. लंडनच्या चेल्सी भागांतील ‘गेटवेज’ हें तळघर १९६७ पासून केवळ स्त्रियांसाठीं चालत असे. तें १९८५ सालीं बंद झालें. स्त्रियांचा पगार कमी, रात्रीं एकटीनें घरीं परतण्याची भीति अधिक. तेव्हां त्यांच्या जागा कमी कां, ह्याचें उत्तर भिंतींत नसून पगारपत्रकांत व रस्त्यावरील दिव्यांत शोधावें लागतें.

तथापि लंडनमध्यें दोन गोष्टी अशा घडल्या, कीं ज्यांची नोंद वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यानें घ्यावी. ‘रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न’ ही १८६० नंतर लवकरच बांधलेली इमारत. दुसऱ्या महायुद्धानंतर स्त्रीवेषधारी पुरुषांच्या विनोदी प्रयोगांसाठीं ती नांवाजली गेली. त्या काळीं नट मद्य देण्याच्या लांब फळीवरच चढून प्रयोग करीत. १९८७ सालीं पोलिसांनीं तेथें छापा घातला तेव्हां त्यांनीं हातांत रबराचे मोजे घातले होते, कारण एड्सचा रोग स्पर्शानें होतो असा समज पसरलेला होता. २०१४ सालीं ही जागा बांधकाम-व्यावसायिकांनीं विकत घेतली. तेव्हां तेथील लोकांनीं चळवळ केली आणि २०१५ सालीं सरकारनें ती संरक्षित वास्तु ठरविली. समलिंगी समाजाच्या इतिहासांतील महत्त्व ओळखून इंग्लंडांत अशा रीतीनें संरक्षण मिळालेली ही पहिली इमारत होय. दुसरी गोष्ट ‘जॉइनर्स आर्म्स’ची. हें मद्यगृह २०१५ च्या आरंभीं बंद पडलें. त्या जागीं नवें बांधकाम करण्याची परवानगी देतांना २०१७ सालीं तेथील स्थानिक कौन्सिलनें अशी अट घातली, कीं नव्या इमारतींत ह्या लोकांसाठीं मद्यगृहाची जागा ठेविली पाहिजे. पहिल्या निर्णयानें भिंती राखल्या. दुसऱ्यानें भिंती जाऊं दिल्या, पण वहिवाट राखण्याचा यत्न केला. राखावयाचें तें काय, विटा कीं वहिवाट, हा प्रश्न अशा प्रबंधाचा गाभा आहे.

आतां आपल्याकडे वळूं. इंग्रजी राजवटींत १८६० सालीं झालेल्या दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमानें समलिंगी संबंध हा गुन्हा ठरला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००९ सालीं तें कलम बाजूस सारलें, सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं पुनः उभें केलें, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें रद्द केलें. तत्पूर्वींच, १९९० सालीं, मुंबईंत ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक निघालें, आणि १९९४ सालीं ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. परंतु रात्रीच्या जागांचा इतिहास मुंबईंत निराळा आहे. येथें ह्या लोकांच्या स्वतःच्या इमारती जवळजवळ नव्हत्याच. दुसऱ्याचें मद्यगृह एका रात्रीपुरतें ठरवावयाचें, निरोप तोंडोतोंडीं व पुढें संगणकावरून पोहोंचवावयाचा, आणि सकाळीं त्या खोलीनें कांहीं घडलेंच नाहीं असें दाखवावयाचें, अशी रीत होती.

तेव्हां मुंबईच्या विद्यार्थ्यापुढें बिकट प्रश्न उभा राहतो: इमारतच नाहीं तर नकाशा कशाचा काढावा? माझ्या मतें त्यानें भिंतींबरोबर घड्याळाचाही नकाशा काढावा. तीच खोली सायंकाळीं सातास कोणाची असते आणि रात्रीं अकरास कोणाची होते. दारावरील पहारेकरी तृतीयपंथी व्यक्तीस आंत सोडतो कीं नाहीं. प्रवेशाचें मूल्य किती. आणि मुख्य म्हणजे विरार किंवा कल्याणकडे जाणारी शेवटची लोकल किती वाजतां सुटते. ज्याला ती गाडी पकडावयाची आहे त्याची रात्र नाच रंगण्यापूर्वींच संपते. मुंबईंत आंत कोण आणि बाहेर कोण, हें दाराइतकेंच रेल्वेचें वेळापत्रक ठरवितें. खेड्यापाड्यांतून व लहान शहरांतून येणाऱ्या मुलास तर अशी जागा आहे हें कळण्याचीच मारामार.

कोणी म्हणेल, नाचगाण्याच्या व मद्याच्या जागांचें एवढें काय कौतुक? मद्याचें कौतुक मीही करीत नाहीं. आणि ज्या जागेचा आधार केवळ मद्यविक्रीवर आहे, ती न पिणाऱ्यास, गरिबास व वृद्धास दूर ठेवते, हा दोष प्रबंधांत स्पष्ट लिहिला पाहिजे. वाचनालय, चहाचें दुकान, एखादें सभागृह, ह्या ठिकाणींही असा मोकळेपणा कां मिळूं नये, असा प्रश्न विद्यार्थ्यानें अवश्य विचारावा. परंतु तो विचारतांना हें ध्यानांत ठेवावें, कीं ह्या लोकांना रात्रीचें मद्यगृह मिळालें तें इतर सर्व दारें बंद होतीं म्हणून. इतर माणसास घर, गल्ली, लग्नमंडप, देवळाचें आवार, सर्वत्र आपल्यासारखीं माणसें भेटतात. ज्याला स्वतःच्या घरांतही सोंग घेऊन बसावें लागतें, त्याला सोंग उतरवून ठेवण्यास एक तरी खुंटी पाहिजे. तीस-चाळीस वर्षें ज्यानें वर्गावर मुलें पाहिलीं, त्याला हें परक्या देशाचें प्रकरण वाटूं नये. प्रत्येक वर्गांत अशीं एकदोन मुलें बसलेलीं असतातच. तीं हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतात, पण पूर्णपणें उपस्थित होण्याची सोय त्यांना शाळेंत नसते.

म्हणून ह्या साध्या, कळकट, कित्येकदां कुबट खोल्यांचीं मापें घेण्यांत जे विद्यार्थी आपलें वर्ष घालवितात, ते वेळ फुकट दवडीत आहेत असें मला वाटत नाहीं. मनोऱ्याची उंची मोजली म्हणजे राजाचें सामर्थ्य कळतें. दारावरील भोंकाचा व्यास मोजला म्हणजे सामान्य माणसाची भीति कळते. इतिहासास दोन्हीं मापें लागतात. आणि ज्या वास्तुविशारदानें एकदां असा नकाशा काढला, तो उद्यां शाळा बांधो, वसतिगृह बांधो कीं रेल्वेचें स्थानक बांधो, खिडकी कोठें ठेवावी आणि मागील दार कोठें असावें, ह्याचा विचार अधिक दयाळूपणें करील.